जोतीरावांची अर्पणपत्रिका आणि आपली 'उसनी' घटना

'गुलामगिरी' हे जोतीराव फुल्यांचे पुस्तक १८७३ चे, हे शाळेतल्या कोणत्याही हुशार मुलाला विचारा, तो चटकन सांगेल. वर्षानुवर्षे मीच ते मुलांकडून घोकून घेतले आहे. पण ते पुस्तक जोतीरावांनी अर्पण कोणाला केले, असे विचारले की वर्ग गप्प. स्टाफरूममध्ये विचारले तर तिथेही गप्प. कोणी म्हणे सावित्रीबाईंना, कोणी म्हणे शूद्रातिशूद्रांना. उत्तर आहे अमेरिकेतल्या लोकांना! तिथल्या सदाचारी लोकांनी काळ्या गुलामांना दास्यातून सोडवताना औदार्य आणि निरपेक्ष वृत्ती दाखवली, म्हणून सन्मानार्थ हे पुस्तक त्यांना अर्पण, आणि आपले देशबांधवही तो कित्ता गिरवतील अशी आशा, असा त्या अर्पणपत्रिकेचा आशय आहे.

मला ही गोष्ट नेहमी नवलाची वाटत आली आहे. पुण्यात राहणारा, कधी समुद्र न ओलांडलेला माणूस सातासमुद्रापलीकडच्या अनोळखी लोकांना आपले पुस्तक देतो. त्यांच्यातल्या कोणी ते वाचण्याची शक्यता नाही, कारण पुस्तक बहुतांशी मराठीत. मग ते कोणासाठी? अर्थात इथल्या वाचकासाठी. बघा, तिकडे हे घडू शकले, असे त्याला दाखवायचे आहे. जोतीरावांनी टॉमस पेनचे 'राइट्स ऑफ मॅन' वाचले होते, हे त्यांच्या चरित्रांतून आलेलेच आहे. हाच पेन १७७६ च्या जानेवारीत 'कॉमन सेन्स' लिहून अमेरिकेतल्या वसाहतींना इंग्लंडच्या राजापासून फुटायला सांगणारा. म्हणजे फिलाडेल्फियातला विचार बैलगाडीच्या काळातही पुण्यापर्यंत आला होता तर.

हे सगळे आठवायचे कारण म्हणजे सकाळी फिरायला जाणारी आमची मंडळी. सदरमध्ये राहणारी निवृत्त माणसे आम्ही. चालणे कमी, बसून बोलणे जास्त. त्यात एक गृहस्थ आहेत, त्यांचे पालुपद ठरलेले. "मॅडम, आपली घटना म्हणजे नुसती गोधडी. एक तुकडा इंग्लंडचा, एक अमेरिकेचा, एक आयर्लंडचा. आपले त्यात काय आहे जी?" दुसरे आहेत त्यांचा मुलगा अमेरिकेत आहे. ते दरवर्षी तीन-चार महिने तिकडे राहून येतात आणि येताना तिथला नवा राग घेऊन येतात. त्यांचे म्हणणे, ज्या जेफरसनने सगळी माणसे समान जन्मली असे लिहिले, त्याच्याच घरी गुलाम. सगळे ढोंग. असल्या लोकांचे शब्द आपण कशाला घ्यायचे?

दोघेही माणसे म्हणून चांगली आहेत, आणि दोघांच्या म्हणण्यात तथ्य नाही असेही नाही. पण दोघांना मिळून एक उत्तर द्यावे असे बरेच दिवस मनात होते. बाकावर बसून ते पुरे होत नाही, म्हणून इथे लिहिते.

आधी ढोंगाचे. जेफरसनविषयी ते गृहस्थ म्हणतात ते खरेच आहे, उलट कमीच म्हणतात. ४ जुलै १७७६ च्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणाऱ्या या माणसाच्या मालकीचे आयुष्यभरात मिळून सहाशेहून अधिक गुलाम होते. पुढे १७८७ मध्ये फिलाडेल्फियाला घटना लिहायला मंडळी जमली, तेव्हा तर त्यांनी एक अजब हिशेब घातला. दक्षिणेकडच्या राज्यांना लोकसंख्येच्या प्रमाणात जास्त प्रतिनिधी हवे होते. त्यासाठी गुलाम मोजायचे, पण पूर्ण माणूस म्हणून नाही. मग ठरले, तीन पंचमांश! पाच गुलाम म्हणजे तीन माणसे. मतदानाचा हक्क त्या पाचांपैकी एकालाही नाही, पण त्यांच्या जिवावर मालकाच्या राज्याचे वजन वाढणार. वर १८०८ पर्यंत गुलामांच्या आयातीवर बंदी घालायची नाही, आणि पळून गेलेला गुलाम दुसऱ्या राज्यात सापडला तर मालकाला परत द्यायचा, अशीही कलमे घातली.

आणि तरी त्या मूळ घटनेत 'गुलाम' हा शब्द एकदाही येत नाही! 'इतर व्यक्ती', 'कामाला बांधलेली व्यक्ती' असे आडवळणाचे शब्द आहेत. माणसात मालमत्ता असू शकते ही कल्पना घटनेत शब्दाने येऊ नये, असे मॅडिसनने तिथल्या चर्चेत म्हटल्याचे त्याच्याच टिपणांत आहे. घरात चोरीची वस्तू ठेवायची आणि तिच्यावर चादर टाकायची, असा हा प्रकार. पण मला त्या चादरीतच काहीतरी दिसते. लाज वाटते म्हणून माणूस झाकतो. आणि ज्याला लाज वाटते, त्याला दारात उभे राहून जाब विचारता येतो.

तो जाब विचारायला माणसे आली. फ्रेडरिक डग्लस हा मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मलेला, १८३८ मध्ये पळालेला माणूस. १८५२ च्या ५ जुलैला रॉचेस्टर गावात त्याला स्वातंत्र्यदिनाच्या भाषणाला बोलावले. तुमच्या या सणाशी गुलामाचा काय संबंध, असे त्याने बोलावणाऱ्यांनाच विचारले. भाषण जळजळीत आहे. पण त्याच भाषणात तो घटनेला मात्र सोडत नाही. ही घटना स्वातंत्र्याचीच आहे, तिचा अर्थ नीट लावा, असे सांगतो. दोनच वर्षांनी, ४ जुलै १८५४ ला, गुलामगिरीचा तितकाच कट्टर विरोधक विल्यम लॉइड गॅरिसन याने फ्रेमिंगहॅमच्या सभेत त्याच घटनेची प्रत जाळली. एकेकाळचे हे दोघे सहकारी. एक म्हणतो ही घटना जाळा, दुसरा म्हणतो ती माझीही आहे.

आमच्याकडे हे दोन्ही एकाच माणसात सापडतात. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली गेली ती बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली, हे सगळ्यांना माहीत असते. पण २ सप्टेंबर १९५३ ला राज्यसभेत, ही घटना तुम्ही केली असे सारखे ऐकवणाऱ्यांना, ती जाळायला मीच पहिला पुढे होईन, असे त्यांनी रागाने सुनावले होते. अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा आणि राज्यपालांच्या अधिकाराचा वाद चालू होता. पुढे मार्च १९५५ मध्ये त्याच सभागृहात कोणी ते बोलणे काढले, तेव्हा त्यांनी उलगडा केला. आम्ही देवासाठी देऊळ बांधले, पण देव येऊन बसायच्या आधीच त्यात राक्षस शिरला, तर देऊळ पाडण्यावाचून काय करणार, अशा अर्थाचे ते बोलणे होते. हल्ली यातले पहिले वाक्य तेवढे एक बाजू फिरवते आणि दुसरी बाजू दोन्ही लपवते. मला तर दोन्ही वाक्ये मुलांना शिकवावीशी वाटतात. घटनेवर इतका हक्काने रागावणारा दुसरा माणूस मी तरी पाहिला नाही.

पुन्हा जोतीरावांकडे येते. त्यांनी सदाचारी लोकांना पुस्तक अर्पण केले त्याच वर्षी तिकडे काय चालले होते? १३ एप्रिल १८७३, ईस्टरचा रविवार. लुइझियाना राज्यातल्या कोलफॅक्स गावी कचेरीच्या इमारतीत काळे लोक निवडणुकीतून आलेली सत्ता राखायला जमले होते. सशस्त्र गोऱ्यांनी त्यांच्यावर चाल केली, इमारतीला आग लावली आणि शरण आलेल्यांनाही मारले. मृतांचा आकडा साठापासून दीडशेपर्यंत सांगतात. ज्या थोड्यांना शिक्षा झाली तीही १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. कारण काय, तर समानतेची ती घटनादुरुस्ती सरकारला बांधते, खाजगी माणसांना बांधत नाही.

मग जोतीराव फसले का? मला तसे वाटत नाही. त्यांनी अमेरिका नावाच्या राष्ट्राला पुस्तक दिलेले नाही, तिथल्या एका कृतीला दिले आहे. सहा लाखांच्या वर माणसे मेली त्या यादवी युद्धात, आणि १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. ज्यांच्या पायात बेडी नव्हती अशांतलेही पुष्कळ जण तीत लढले. जोतीरावांना इथल्या उच्चवर्णीयांपुढे ठेवायला एवढाच दाखला हवा होता.

आता गोधडीचे. घटना उसनी आहे हा आक्षेप ती मंजूर व्हायच्या आधीपासूनचा आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना बाबासाहेबांनीच तो घेतला आणि सांगितले, की घटनेच्या मूलभूत कल्पनांवर कोणाची मालकी नसते, उसने घेण्यात लाज कसली? त्यांनी स्वतः १९१३ ते १९१६ ही वर्षे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात काढली होती, हार्लेमच्या काळ्या वस्तीला लागून. काळ्यांच्या प्रश्नावरून १९४६ मध्ये त्यांनी डू बॉइस यांना पत्रही लिहिले होते. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी जी प्रास्ताविका सुचवली, तीत जीवित, स्वातंत्र्य आणि सुखाचा शोध हे जेफरसनचे शब्द सरळ घेतले आहेत. देशाचे नाव तरी काय सुचवले? भारताची संयुक्त संस्थाने!

पण आमच्या गोधडीवाल्या गृहस्थांना मी एक कलम उघडून दाखवणार आहे. कलम १५, पोटकलम २. दुकाने, उपाहारगृहे, करमणुकीच्या जागा, आणि सार्वजनिक विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या बाबतीत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कोणाला अडवता येणार नाही. विहिरी आणि तलाव! जगातल्या कोणत्या घटनेतून हे उसने आणले? हे महाडच्या चवदार तळ्यावरून आले आहे. २० मार्च १९२७ ला तिथे पाणी प्यायले गेले, त्यानंतर दहा वर्षे कोर्टकचेरी चालली आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. ज्यांना पाण्यासाठी दहा वर्षे भांडावे लागले, ते घटना लिहिताना 'समता' एवढा एकच गोड शब्द लिहून थांबणार नाहीत. ते विहीर लिहिणार, तळे लिहिणार.

आणि इथे अमेरिकेचा अनुभव आरशासारखा उपयोगी पडतो. तिथल्या काँग्रेसने १८७५ मध्ये कायदा केला होता, की खानावळी, गाड्या-बोटी, नाटकगृहे सर्वांना खुली. १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मोडीत काढला. मुद्दा पुन्हा तोच, घटना सरकारला बांधते, खानावळवाल्याला नाही. तसा कायदा पुन्हा यायला १९६४ उजाडले. एक्याऐंशी वर्षे! आपल्या घटनेने मात्र अस्पृश्यता पाळणाऱ्या खाजगी माणसालाही पहिल्या दिवसापासून बांधले. कलम १७ ला नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेने मान्यता दिली. म्हणजे आम्ही नुसते तिकडचे कापड आणले असे नाही, ते कुठे विरले होते तेही पाहून आणले. (विरलेला भाग काढूनच गोधडी शिवतात, हे त्या गृहस्थांना त्यांच्या आईने नक्की सांगितले असेल.)

मात्र सगळेच शहाणपणाने घेतले असे म्हणवत नाही. अमेरिकेच्या घटनेत एक वाक्प्रयोग आहे, कायद्याच्या योग्य रीतीशिवाय कोणाचे जीवित वा स्वातंत्र्य हिरावता येणार नाही असा. त्यातल्या 'योग्य' या शब्दामुळे तिथली न्यायालये कायदाच अन्यायाचा असेल तर तोही तपासू शकतात. घटनेचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत जाऊन न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटले. हा शब्द न्यायाधीशांना फार सत्ता देतो असा सल्ला मिळाला, आणि आपण तो सोडून 'कायद्याने ठरवलेली कार्यपद्धती' असे घेतले. बाबासाहेबांचेही मन यावर पूर्ण ठरलेले नव्हते, त्यांची डिसेंबर १९४८ ची भाषणे तसे सांगतात.

एका शब्दाने काय होते ते माझ्या पिढीने पाहिले. आणीबाणीत मी नुकतीच नोकरीला लागले होते. आमच्या ओळखीच्या एका घरातला कर्ता माणूस मिसाखाली आत होता. त्याची बायको शाळेच्या फाटकाशी मुलाला घ्यायला यायची आणि कोणाशी बोलायची नाही. अटक बेकायदा असेल तर आम्ही तपासू शकतो, असे ज्या उच्च न्यायालयांनी तेव्हा ठणकावून सांगितले त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचे आमचे नागपूर खंडपीठ होते, सदरपासून हाकेच्या अंतरावरचे. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ते सगळे निकाल फिरवले. एकटे न्यायमूर्ती खन्ना वेगळे राहिले. त्या चारांत यशवंतराव चंद्रचूड होते, आणि २०१७ मध्ये हा निकाल चुकीचा होता असे लिहिणाऱ्यांत त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड. बाकावरच्या मंडळींना मी हे सांगितले तेव्हा थोडा वेळ कोणी बोलले नाही.

आता थोडे 'आम्ही' या शब्दाविषयी. दोन्ही घटना याच शब्दाने सुरू होतात. फिलाडेल्फियाच्या आधीच्या मसुद्यात एकेका राज्याचे नाव घेतले होते. शेवटचा हात फिरवताना गव्हर्नर मॉरिस याने (गव्हर्नर हे त्याचे नाव, हुद्दा नव्हे) ती यादी काढून 'आम्ही लोक' आणले. आपल्याकडे १७ ऑक्टोबर १९४९ ला ह. वि. कामत यांनी ईश्वराच्या नावाने सुरुवात करावी अशी सूचना मांडली. हे आपल्याच मध्यप्रांत-वऱ्हाडचे सभासद. सूचना ४१ विरुद्ध ६८ मतांनी पडली आणि 'आम्ही'च पहिले राहिले.

नव्वदच्या आसपासची गोष्ट असेल, नागरिकशास्त्राच्या तासाला एका मुलीने मला विचारले होते, "मॅडम, या आम्हीमध्ये माझी आजी आहे का? तिला तर लिहिता येत नाही. मग तिने सही कुठे केली?" वर्ग हसला. मी हसले नाही, कारण प्रश्न पक्का होता. २४ जानेवारी १९५० ला घटनेवर सह्या केल्या त्या २८४ सभासदांनी. त्यांतल्या बहुतेकांना प्रांतांच्या विधिमंडळांनी निवडलेले, आणि त्या विधिमंडळांसाठी मत होते ते थोडी मालमत्ता किंवा थोडे शिक्षण असणाऱ्यांनाच. तिची आजी त्यात बसत नव्हती. जेफरसनच्या 'सगळ्या माणसां'त बाया नव्हत्या, तशीच. तिकडे १८४८ च्या जुलैमध्ये सेनेका फॉल्स गावी बायकांनी तोच जाहीरनामा घेऊन 'सगळे पुरुष आणि स्त्रिया' असा दुरुस्त करून वाचला. त्याच वर्षाच्या जानेवारीत भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली होती. त्यांना देशभर मताचा हक्क मिळायला १९२० उजाडले. मी त्या मुलीला सांगितले, तुझ्या आजीची सही १९५२ च्या मतपेटीत आहे. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, पेटीवर चित्र, आणि चिठ्ठी त्यात टाकायची. लिहिता यायची गरजच नव्हती. दुसऱ्या दिवशी ती सांगत आली, आजीला ती पेटी आठवते म्हणून.

आमच्या नागपूर जिल्हा परिषदेच्या शाळांत २००५ मध्ये, तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी इ. झेड. खोब्रागडे यांनी प्रास्ताविकेचे वाचन आणि २६ नोव्हेंबरचा संविधान दिन सुरू केला. पुढे तो राज्यभर गेला आणि २०१५ पासून देशभर झाला. मुले पोपटासारखी म्हणतात, अर्थ कुठे कळतो, अशी टीका मी पुष्कळ ऐकली. म्हणू द्या की. पाढेही आधी पाठच होतात. माझी तक्रार वेगळी आहे. आपण मुलांना ते शब्द देतो, पण ते लिहिले गेले तेव्हा त्यांतून कोण बाहेर होते आणि मग भांडून कोण आत आले, ते सांगत नाही. घटना पूजेत बसवून टाकतो. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात सांगितले होते, आणि हार घालताना नेमके तेच भाषण आपण विसरतो.

सदरमध्ये 'लिबर्टी' म्हटले की जुन्या माणसांना टॉकीज आठवते, ते असो. पण तिथून थोडे पुढे रिझर्व्ह बँकेजवळचा जो चौक, त्याला आता संविधान चौक म्हणतात. बाबासाहेबांचा पुतळा आहे आणि रोज कोणी ना कोणी सतरंजी टाकून बसलेले असते. कधी अंगणवाडी सेविका, कधी कंत्राटी कामगार, कधी जमिनीचा मोबदला न मिळालेले शेतकरी. गाड्या अडतात म्हणून आमची मंडळी वैतागतात. मी मात्र तिथे थोडी थांबते. मागे हिवाळ्यात तिथे बसलेल्या एका बाईने मी मास्तरीण होते हे कळल्यावर आपले निवेदन माझ्या हातात दिले, शुद्धलेखन बघून द्या म्हणून. 'आम्ही, खाली सह्या करणाऱ्या' अशी सुरुवात होती, आणि शेवटी सह्यांच्या बरोबर सात-आठ अंगठे होते. दोन-तीन वेलांट्या तेवढ्या सुधारून दिल्या. बाकी निवेदन ठीक होते.